दुर्गंधयुक्त रहिवाशांबाबतची घटनादुरुस्ती

ऑकलूशा काउंटीच्या कोर्टाच्या इमारतीखाली एक स्कंक राहायला आला आहे, ही बाब तीन मार्च रोजी, सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे कार्यालयीन वेळेत, आमच्या निदर्शनास आली. 'निदर्शनास' हा शब्द तितकासा बरोबर नाही. दिसला तो कोणालाच नाही. मांजराएवढा, काळाभोर, पाठीवर पांढरा पट्टा असलेला हा प्राणी दिसण्याच्या कितीतरी आधी कळतो. चिडला की तो शेपूट वर करतो, आणि मग त्या गावात पुढचे काही आठवडे दुसरा विषय नसतो.

मी वेंडेल प्रेंटिस, या काउंटीचा वकील. गेली बावीस वर्षं काउंटीला काय काय करता येत नाही, हे सांगायचं काम मी निष्ठेने करत आलो आहे.

स्कंक राहिला तो नेमका खिडकी क्रमांक दोनच्या खाली. त्या खिडकीवर जमिनीचे दस्त आणि लग्नाचे परवाने मिळतात, आणि खिडकीमागे एकतीस वर्षं मिस आर्डिथ कल्पेपर बसतात. बाई बासष्ट वर्षांच्या, ताठ पाठीच्या. पेन्सिल कानामागे, चष्मा साखळीला. काउंटीतल्या निम्म्या लोकांची लग्नं त्यांच्या शिक्क्याने लागली, पण त्यांचं स्वतःचं तेवढं राहून गेलं होतं. ते या जूनमध्ये ठरलं होतं. नवरदेव हॉलिस बर्डेट, शाळेच्या बसचे निवृत्त चालक, विधुर, पीचची बाग असलेले.

त्या सोमवारी बाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि मी खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे गेलो.

"वकीलसाहेब, माझ्या पायाखाली कोणीतरी आहे."

"कळलं," मी म्हणालो. "कळतंय."

आमच्या काउंटी आयोगाचे अध्यक्ष ल्यूथर टिब्स तिथेच होते. ते झटपट कामाचे गृहस्थ. म्हणाले, "त्यात काय एवढं? पिंजरा लावा, आत एक उकडलेलं अंडं ठेवा. दुपारपर्यंत पाहुणा जंगलात."

"अध्यक्षमहाराज, थांबा," मी म्हणालो, आणि राज्यघटना काढली.

आमच्या राज्याची स्वतःची घटना आहे, आणि ती दोन हातांनी उचलावी लागते. तिला तेव्हा आठशे अकरा दुरुस्त्या जोडलेल्या होत्या. कारण असं, की घटनाकारांचा काउंटीतल्या माणसांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे काउंटीला एखादा खांब जरी हलवायचा असला, तरी राजधानीत जाऊन घटना दुरुस्त करून आणावी लागते. आमच्या काउंटीने डास मारावेत, हे दुरुस्ती क्रमांक तीनशे सहाने ठरलं. शेजारच्या काउंटीत ते अजून ठरायचं आहे, म्हणून तिथले डास घटनेच्या संरक्षणाखाली आमच्याकडे येतात.

मी दुरुस्ती क्रमांक चारशे बारा वाचून दाखवली. ऐंशी वर्षांपूर्वी आमच्या एका न्यायाधीशांचा शिकारी कुत्रा सुनावणीच्या वेळी कोर्टात झोपून घोरायचा. नव्या शेरीफने त्याला बाहेर काढायचा घाट घातला, तेव्हा न्यायाधीशांनी घटनाच बदलून आणली. 'ऑकलूशा काउंटीच्या कोर्टाच्या आवारात स्वेच्छेने वास्तव्य करणाऱ्या कोणत्याही चतुष्पादास कोणताही अधिकारी, कर्मचारी अथवा कंत्राटदार हुसकावणार नाही.'

"कुत्रा मेला की हो तो," टिब्स म्हणाले.

"कुत्रा मेला. कलम जिवंत आहे."

आर्डिथबाईंनी नाकावरचा रुमाल काढला. "मग मीच हाकलते त्याला. केरसुणी आहे माझ्याकडे."

"तुम्ही कर्मचारी आहात."

"रविवारी हाकलते. रविवारी सुट्टी असते."

"सुट्टीवरचा कर्मचारी हाही कर्मचारीच."

"बरं, हॉलिस हाकलेल. तो कुठे तुमचा कर्मचारी आहे?"

हा मुद्दा विचार करण्यासारखा होता. मी राज्याच्या मुख्य वकिलांचं लेखी मत मागवलं. ते सत्तर दिवसांत, म्हणजे आमच्याकडच्या मानाने विजेच्या वेगाने आलं. त्यात म्हटलं होतं की विवाह हा कायद्याच्या दृष्टीने करार आहे. हॉलिस बर्डेट यांनी काउंटीच्या कर्मचाऱ्याशी असा करार करण्याचं ठरवलं आहे. सबब ते भावी कंत्राटदार आहेत.

मत वाचून हॉलिस आनंदाने म्हणाला, "आर्डी, सरकारदरबारी नोंद झाली बघ आपली."

सत्तर दिवस मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. आमचे आमदार ड्यूई स्टॉलवर्थ यांच्याकडे मी पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीचा मसुदा दिला होता. ड्यूई विमा विकतात, आणि अधिवेशन असलं की कायदे करतात. दोन्हीकडे बारीक अक्षरांतला मजकूर न वाचता पुढे सरकवण्यात त्यांचा हातखंडा. मसुदा एका ओळीचा होता: 'दुरुस्ती क्रमांक चारशे बारा स्कंकास लागू नाही.'

"सुटसुटीत आहे," ड्यूई म्हणाले. "म्हणजे अडचण येणार."

आली. आमच्याकडे घटनादुरुस्तीचं विधेयक प्रत्येक सभागृहात तीन वेगवेगळ्या दिवशी वाचावं लागतं, आणि एका सभासदाने आग्रह धरला तर पूर्ण वाचावं लागतं. तसा आग्रह धरणारा सभासद रोज असतो. म्हणून सभागृहाने एक वाचनयंत्र घेतलं आहे. ते इतक्या वेगाने वाचतं की बाटलीत भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे वाचन झालं असंही होतं आणि कोणाला ऐकावं लागलं असंही होत नाही.

पहिलं वाचन झालं आणि विधेयक समितीकडे गेलं. तिथले ज्येष्ठ सभासद दुःखी झाले. राज्यघटना हा पवित्र ग्रंथ. त्यात 'स्कंक' हा शब्द शोभतो का? त्याच ग्रंथात कॅटफिश माशाच्या लांबीबद्दल दोन आणि खेचरांच्या पार्किंगबद्दल एक कलम आहे, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं. त्यावर ते म्हणाले की खेचराची गोष्ट वेगळी. खेचराला परंपरा आहे.

तेव्हा 'स्कंक' काढून 'दुर्गंधयुक्त रहिवासी' घालायचं ठरलं. लगेच प्रश्न आला, की दुर्गंध म्हणजे किती? तो कोणी आणि कसा मोजायचा? सुनावणी लागली, आणि साक्षीला मिस आर्डिथ कल्पेपर यांना पाचारण करण्यात आलं.

तोवर बाईंचे हाल फार झाले होते. खिडकी क्रमांक दोनवर माणूस फिरकेना. लग्न करणारे रस्त्यापलीकडून अर्ज दगडाला गुंडाळून फेकायचे, आणि बाई शिक्का मारून परत फेकायच्या. टोमॅटोचा रस झाला, बेकिंग सोडा झाला, व्हिनेगर झालं. वास काही केल्या उतरेना. चर्चच्या गानवृंदात त्या वीस वर्षं खालच्या पट्टीत गात आल्या. तिथल्या प्रमुखांनी त्यांना फार प्रेमाने बाहेर मोटारी लावतात तिथून, खिडकीतून गायला सांगितलं. पाद्रीसाहेब म्हणाले, लग्नही तिथेच लावू, वाऱ्याची दिशा बघून. "बासष्ट वर्षं थांबले ती पार्किंगमध्ये उभी राहून लग्न लावायला नाही," असं म्हणून बाईंनी लग्नच पुढे ढकललं. नोकरी सोडावी, तर पूर्ण निवृत्तिवेतनाला एक वर्ष कमी पडत होतं.

एकटा हॉलिस तेवढा रोज दुपारी डबा घेऊन येऊन त्यांच्या शेजारी बसायचा. त्याचं म्हणणं, तरुणपणी रंगाच्या कारखान्यात काम करताना त्याचं नाकच गेलं. "मला काय, गुलाब आणि गटार सारखंच," असं तो हसत हसत सांगायचा आणि बिस्किटाला मध लावून बाईंच्या हातात द्यायचा. आम्ही सगळे म्हणायचो, देवाने जोडा जुळवला.

सुनावणीच्या दिवशी समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, आपल्या म्हणण्याला पुरावा काय?"

आर्डिथबाई मागच्या रांगेतून उठल्या आणि पुढे चालत आल्या. "मी आले आहे," त्या म्हणाल्या.

चार मिनिटांत विधेयक एकमताने संमत झालं. समितीतल्या पहिल्या तिघांनी नाक दाबलं, म्हणून व्याख्याही तिथल्या तिथेच ठरली: 'ज्या रहिवाशाच्या वासामुळे किमान तीन व्यक्तींना नाक दाबावे लागते, असा रहिवासी.' बाहेर पडता पडता एका प्राणिप्रेमी सभासदाने खिडकीतून डोकं बाहेर काढूनच एक उपसूचना मांडली. मुक्या जिवाला नुसतं हाकलायचं म्हणजे क्रूरपणा. म्हणून हुसकावलेल्या रहिवाशाचं, सहचर असल्यास सहचरासह, काउंटीच्या मालकीच्या जलाशयाकाठच्या निवाऱ्यात आजन्म, त्याच्या आवडीच्या आहारासह पुनर्वसन करावं. कोणीही हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं.

आता सभागृह. आमच्याकडे असा नियम आहे की एकाच काउंटीपुरती दुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकाही विरोधी मताविना संमत झाली, तर त्याच काउंटीत मतदान होतं. एक जरी 'नाही' पडलं, तर सबंध राज्यात. ड्यूईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मत टाकायला टेबलावर दोन बटणं असतात, हिरवं आणि तांबडं. फलक हिरवागार झाला होता. तेवढ्यात थॅक्स्टन नावाचे एक सभासद उकडलेल्या शेंगांच्या पिशवीसाठी पुढे वाकले, आणि त्यांचं कोपर तांबड्या बटणावर पडलं.

"अहो, चुकून झालं!" थॅक्स्टन उठून म्हणाले. "माझं मत बदला."

सभापतींनी नियमावली पाहिली. "आपलं मत बदलल्याची नोंद घेण्यात येईल. आपलं मत बदलण्यात येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण 'होय' म्हणालात असं लिहिलं जाईल, आणि 'नाही' असं मोजलं जाईल."

थॅक्स्टन शेंग सोलत खाली बसले. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

अशा रीतीने ऑकलूशा काउंटीतल्या एका फरशीखालचा स्कंक राज्यातल्या तेहतीस लाख मतदारांच्या विवेकबुद्धीवर सोपवण्यात आला. प्रश्न राज्याचा झाला म्हटल्यावर मजकूरही राज्याला शोभेल असा करणं आलं, आणि ते काम माझ्याकडे आलं. गव्हर्नरांची सही अशा विधेयकाला लागत नाही. तरी छायाचित्रकार आलेच होते म्हणून त्यांनी ती केली.

जूनचा महिना सरत आला होता. एका दुपारी मी कागद घेऊन हॉलिसच्या घरी गेलो. पडवीत तो आणि आर्डिथबाई थंड चहा पीत बसले होते. मी बसलो अंगणाच्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. बोलता बोलता हॉलिस एकदम उठला.

"आर्डी, पीचचं काहीतरी करपतंय बघ!" असं म्हणत तो स्वयंपाकघरात धावला.

तो परत आला तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

"हॉलिस, तुला वास येतो."

हॉलिस टोपी हातात फिरवत उभा राहिला. "थोडासा."

"कधीपासून?"

"तीन मार्चपासून," तो म्हणाला. "सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून."

"आणि रोज माझ्या शेजारी बसून जेवतोस, शहाण्या?"

"मग कुठे बसू?"

मी कागद पडवीच्या कठड्यावर ठेवून निघालो. त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं की काउंटीला काहीतरी करता आलं असतं तर बरं झालं असतं. अर्थात, ते मी लेखी कुठे दिलं नाही.

चौदा ऑगस्टला स्कंक स्वतःहून गेला. गेली, म्हणायला हवं. सकाळी अकरा वाजता ती पायऱ्यांखालून बाहेर आली, मागे पाच पिल्लं एका ओळीत. हिरवळ ओलांडून, सिग्नलचा दिवा लागलेला पाहून मगच रस्ता पार करून सगळी नदीकडे गेली. आम्ही खिडक्यांतून पाहत होतो. शेरीफने टोपी काढली.

"सुटलो!" टिब्स म्हणाले. "आता ती दुरुस्ती मागे घ्या."

"ती मागे घ्यायचा अधिकार विधिमंडळाला," मी म्हणालो, "आणि विधिमंडळ फेब्रुवारीपर्यंत बंद."

"पण हुसकावायला आता उरलंय कोण?"

"तो अंमलबजावणीचा प्रश्न झाला. आपण अजून मतदानाच्या टप्प्यावर आहोत."

प्रचार जोरात झाला. 'स्वच्छ हवा, स्वच्छ शासन' असा एक पक्ष निघाला आणि 'आमचे चतुष्पाद, आमचा वारसा' असा दुसरा. दोघांच्याही जाहिरातींत तोच गरुड होता. राज्याच्या दक्षिण टोकाला लोकांची समजूत झाली की हे कागदाच्या कारखान्याच्या वासाबद्दल आहे. कारखाना जाईल म्हणून ते चिडले. उत्तरेला वाटलं की हे दक्षिणेबद्दल आहे; ते खूश झाले. ड्यूई गावोगाव भाषणं देत होते, "मी कशाच्या बाजूने आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे," आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला, सगळ्यात खाली, माझ्या हातचा मजकूर छापून आला. तो असा:

'ऑकलूशा काउंटीच्या कोर्टाच्या आवारातील रहिवाशांना हुसकावण्यास मनाई करणाऱ्या दुरुस्ती क्रमांक ४१२ च्या तरतुदी, ज्या रहिवाशाच्या वासामुळे किमान तीन व्यक्तींना नाक दाबावे लागते अशा, सदर आवारातील किंवा राज्यातील अन्य कोणत्याही घरातील रहिवाशाखेरीज इतरांस लागू होणार नाहीत असे नव्हे, हे अमान्य न करणारी, व त्यानुसार हुसकावणे बंधनकारक करणारी दुरुस्ती संमत होऊ नये असे आपणांस वाटत नाही, हे खरे आहे काय? होय / नाही.'

एकाहत्तर टक्के लोकांना ते खरं वाटलं. दुरुस्ती क्रमांक आठशे बारा अमलात आली.

निकालानंतरच्या सोमवारी पहिली थंडी पडली. आर्डिथबाईंचा वास एव्हाना बराच उतरला होता. लोक पुन्हा खिडकीपर्यंत येऊ लागले होते. त्या दिवशी मात्र बाई आपला लोकरी कोट घालून आयोगाच्या बैठकीला आल्या. तो कोट मार्चपासून ऑगस्टपर्यंत खिडकी क्रमांक दोनमागच्या कपाटात, बरोबर स्कंकच्या डोक्यावर टांगलेला होता.

टिब्सनी नाक दाबलं. शेरीफने दाबलं. मी दाबलं.

"तीन," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढून एका कागदावर खूण केली. "वकीलसाहेब, आता काय करणं बंधनकारक आहे?"

"आर्डिथबाई," मी नाकातून म्हणालो, "हे कलम जनावरांसाठी आहे."

"'रहिवासी' असं लिहिलंय. एकतीस वर्षं दिवसाचे आठ तास इथे काढलेत मी. बाकी तुम्ही दुरुस्तीचा पूर्ण मजकूर वाचला असेलच. कायद्याप्रमाणे तो कोर्टात चिकटवावा लागतो. माझ्या खिडकीशेजारीच चिकटवला होता तुम्ही. जूनपासून कितीतरी दिवस तिथे दुसरं कोणी फिरकलंच नाही, म्हणून मीच रोज वाचायची. वाचायला तेवढं एकच होतं तिथे."

त्यांनी पुनर्वसनाचं कलम पाठ म्हणून दाखवलं. काउंटीच्या मालकीचा जलाशयाकाठचा निवारा. आजन्म. आवडीचा आहार. सहचर असल्यास सहचरासह.

टिब्सचा चेहरा उतरला. तळ्याकाठी काउंटीचा निवारा एकच. चार खोल्यांचा, देवदारी लाकडाचा, मोठ्या शेकोटीचा बंगला. तिथे आयोगाचे सभासद दर शुक्रवारी जलसंधारणाची पाहणी करायला जातात आणि पत्ते घेऊन जातात.

"वेंडेल," ते कुजबुजले, "यातून काही वाट?"

"आहे," मी म्हणालो. "घटनादुरुस्ती."

आर्डिथबाईंना त्याच दुपारी, घटनेतल्या तरतुदीनुसार, शेरीफच्या गाडीतून सन्मानाने हुसकावण्यात आलं. घटनेच्या बळावर काढलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण निवृत्तिवेतन मिळतं, हेही त्यांनी वाचून ठेवलं होतं. डिसेंबरात त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात, छपराखाली, शेकोटीसमोर त्यांचं लग्न लागलं. गानवृंद बाहेर उभा राहून खिडकीतून गायला. बाईंची तशी अट होती. तळलेला कॅटफिश, कणसाची भजी आणि पीचची मिठाई काउंटीने पुरवली. कोट हॉलिसने तळ्याकाठी पुरला. पुरताना तो हसत होता, आणि बाई त्याचा हात धरून उभ्या होत्या.

पुढे मी ज्याला त्याला विचारलं, की तुम्ही मत कसं दिलंत? टिब्स म्हणाले, "वरच्या चार प्रश्नांना 'होय' केलं होतं, मग पाचव्याला कशाला वाकडं?" ड्यूई म्हणाले, "विधेयक मांडायचं की वाचायचं? दोन्ही एकालाच कसं जमेल?" मी स्वतः 'होय' म्हणालो. मजकूर माझाच असल्यामुळे वाचायची गरज वाटली नाही.

तुम्ही हसताय. हसा. मात्र मतपत्रिकेचा मजकूर मी वर शब्दशः दिला आहे, आणि तुमची नजर त्याच्या पहिल्या ओळीवरून थेट 'होय / नाही'वर कशी आली, हे मला न बघताही ठाऊक आहे. त्यात मधेच 'किंवा राज्यातील अन्य कोणत्याही घरातील' असे शब्द आहेत. थॅक्स्टन यांच्या कोपरामुळे मला ते घालावे लागले. तुम्ही त्यांना हरकत घेतली नाहीत, आणि आमच्याकडे हरकत न घेणाऱ्याला अनुकूल धरतात.

तेव्हा आज संध्याकाळी तुमच्या घरात काही करपलं, आणि दार उघडल्यावर बाहेर तीन सभ्य गृहस्थ नाक दाबून उभे दिसले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. एवढंच सांगतो की तळ्याकाठचा बंगला गेलेला आहे.